बाबांच्या गाडीचे टायर : नोंदी, २०२५

गाडी : पेट्रोल हॅचबॅक, २०१७ च्या दिवाळीत घेतलेली. टायर १६५/८० आर १४, ट्यूबलेस, लोखंडी रिम. मुक्काम अमरावती.
काम : एप्रिलच्या शेवटी बहिणीच्या घरच्या वास्तुशांतीला पाच जणांनी समृद्धी महामार्गावरून नाशिकला जायचं आहे. त्याआधी टायर ठेवायचे की बदलायचे ते ठरवणं, आणि पुढे वर्षभर त्यांची निगा घरात नीट लावून देणं.

९ फेब्रुवारी (३१,२४० किमी)

गाडी रात्रभर अंगणात उभी होती. सकाळी साडेसहाला हवा मोजली. टायर थंड असतानाच मोजायची. दोन-तीन किलोमीटर चालवली तरी आकडा वर सरकतो आणि मग तो कशाशी ताडून बघायचा हेच कळत नाही. गेज स्वतःचा घेतला आहे, कारण पंपापंपावरच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

पुढचा डावा २५ पीएसआय, पुढचा उजवा २४, मागचा डावा २६, मागचा उजवा २१. स्टेपनी ११.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीची पट्टी आहे : चारही चाकांना ३०, गाडी भरलेली असेल तर मागे ३३. टायरच्या अंगावर छापलेला आकडा याहून बराच मोठा असतो, पण ती टायरची कमाल मर्यादा. भरायची हवा गाडीवरच्या पट्टीप्रमाणे.

बाबांना आकडे दाखवले. ते म्हणाले, “मुद्दामच कमी ठेवतो. उन्हाळा लागतो आता. जास्त हवा भरली की टायर फुटतात.”

हे आमच्याकडे प्रत्येक घरात ऐकलं आहे, आणि नेमकं उलटं आहे. टायर गरम होतो तो मुख्यतः वाकून. चाक फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो, वर गेला की सरळ होतो. हवा कमी असेल तर साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जास्त दबते, प्रत्येक फेरीला जास्त वाकते आणि रबर आतून तापतं. तापलेल्या रबराची पोलादी तारांच्या पट्ट्यांवरची पकड सुटली की टायर जातो. उन्हाने दोन-चार पीएसआय वाढतात ते टायर बनवतानाच धरलेले असतात. सतत सहा पीएसआय कमी हवेवर ताशी शंभरने पळवणं मात्र धरलेलं नसतं.

बाबा यावर काही बोलले नाहीत. चारही चाकांत ३० भरून आणले. स्टेपनीतही भरली, तिच्यात तीन पीएसआय जास्तच ठेवली.

मागचा उजवा इतका खाली का, म्हणून साबणाचं पाणी टाकून पाहिलं. व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक बुडबुडे. रबरी व्हॉल्व्हही गाडीइतकाच जुना आहे, वाकवला की त्याच्या मानेला चिरा दिसतात.

नक्षीची खोली (गेजने, मिलिमीटर) : पुढे मध्यभागी ४.८, दोन्ही कडांना ४.०. मागे सगळीकडे ५.७ च्या आसपास. नव्या टायरला सात-आठ असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे कारला किमान १.६ लागते आणि तेवढ्याच उंचीचे छोटे आडवे उंचवटे नक्षीच्या खाचांत बसवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आपले त्यापासून खूप लांब आहेत. पुढच्या टायरच्या दोन्ही कडा मधल्यापेक्षा जास्त झिजल्यात, म्हणजे हवा बरीच वर्षं कमी होती. मधला भाग जास्त झिजलेला दिसला असता तर हवा जास्त होती असं म्हटलं असतं. एकच कड झिजली असती तर अलाइनमेंटकडे बोट गेलं असतं.

१६ फेब्रुवारी

आज वय पाहिलं. साईडवॉलवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते आणि बऱ्याचदा तीच बाजू आत गेलेली असते. दोन चाकं काढावी लागली.

चारही टायर ३४१७. स्टेपनी ३३१७. म्हणजे ऑगस्ट २०१७, साडेसात वर्षांचे.

चाक काढल्यावर जे दिसलं ते उभ्या गाडीवर कधीच दिसलं नसतं. आतल्या बाजूला, रिमपासून दोन बोटं वर, गोलाकार बारीक तडे. मागच्या उजव्याला सगळ्यात जास्त. नक्षीच्या खाचांच्या तळाशीही केसासारख्या रेषा. अंगठ्याने दाबलं की उघडतात. नखाने रबर दाबून पाहिलं, कडक लागतं.

गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर जेमतेम चालते. बाबा निवृत्त झाल्यापासून तर आठवडाभर जागची हलत नाही. त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच म्हणणं : टायर नवेच आहेत, चाललेत कुठे.

पण रबर उभ्यानेही म्हातारं होतं. टायरच्या रबरात मेण आणि ओझोनपासून जपणारी रसायनं मिसळलेली असतात. चाक फिरतं, रबर वाकतं, तशी ती हळूहळू वर येऊन पृष्ठभागावर पातळ थर धरतात. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत हे होत नाही आणि ओझोन थेट रबरावर काम करतो. आतूनही दाबाखालची हवा रबरात झिरपत राहते आणि त्यातला प्राणवायू पोलादी पट्ट्यांच्या कडेचं रबर कडक करतो. तापमान जितकं जास्त तितकी ही क्रिया वेगाने चालते. आमच्या अंगणात दुपारी बारा ते पाच डाव्या बाजूवर थेट ऊन असतं आणि विदर्भातले असे सात उन्हाळे या टायरांनी काढलेत.

टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा : पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहाव्या वर्षी कसाही दिसत असला तरी काढा. काही गाडी कंपन्या सहा वर्षंच सांगतात. माझं मत : इथल्या उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर दहाची वाट पाहू नये. तडे दिसल्यावर तर आकड्याचा प्रश्नच उरत नाही.

२ मार्च

निर्णयाचा दिवस. चार टायर म्हणजे सोळा-अठरा हजार आणि बाबांना तो खर्च पटेना. “नक्षी अर्धीअधिक शिल्लक असताना टायर फेकायचे?” हा प्रश्न खरा आहे. नक्षी पाणी बाजूला सारायला आणि रस्ता पकडायला लागते. टायर फाटेल की टिकेल हे त्याच्या सांगाड्यावर ठरतं, आणि त्याबद्दल नक्षी काही सांगत नाही.

दोनच बदलावेत असाही विचार झाला. तसं करायचं झालं तर नवी जोडी मागे बसवावी लागते, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरीसुद्धा. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते, वेग कमी केला की सावरता येते. मागची सुटली तर गाडीची शेपूट फिरते आणि मग घरात रोज गाडी चालवणाऱ्या कोणालाही ती सावरणं कठीण. पण आमचे चारही एकाच वयाचे आणि चारही चिरलेले, त्यामुळे दोनचा हिशोब बसत नाही.

शेवटी आईने विषय संपवला. ती म्हणाली, “गॅसच्या नळीवर तारीख असते. ती पाच वर्षांनी बदलतोच ना आपण? ती कुठे झिजते?”

ठरलं : चार टायर पाडव्याच्या सुमारास, स्टेपनी नंतर.

२३ मार्च

फेब्रुवारीपासूनचे आकडे एकत्र लिहून ठेवले. सकाळच्या तापमानात जवळपास आठ अंशांचा फरक पडला, तेवढ्याने हवा एक-दीड पीएसआय वर गेली. दुसरीकडे चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखाद-दोन पीएसआय आपोआप जाते. दोन्ही मिळून आकडा जवळपास तिथेच दिसतो आणि म्हणूनच फसवतो. उन्हाळ्यात वाढत नाही म्हणजे गळते आहे.

शेजारच्या काकांनी नायट्रोजन सुचवला. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजनमध्ये ओलावा नसतो आणि तो थोडा हळू झिरपतो, इतकाच फायदा. तोही मोजायचा कंटाळा केला तर व्यर्थ. पेट्रोल पंपावर हवा मोफत आहे, दर पंधरा दिवसांनी भरायची.

टायर पॉलिशची बाटली गाडीतून काढून टाकली. तेलकट चकाकीने तडे झाकले जातात, आणि पेट्रोलियम तेलाची असेल तर रबराला अपाय करते. धुवायला साधं साबणाचं पाणी बास.

१ एप्रिल (३१,६१० किमी)

बडनेरा रोडवरचं टायरचं दुकान. जवळपास चार तास तिथेच होते, एकही चाक माझ्या डोळ्यांआड बसवू दिलं नाही.

दुकानदार भाऊंनी आधी १८२३ चे टायर काढले, पाचशे रुपये कमी. नीट सावलीत ठेवलेला टायर दोन वर्षांनी वाईट होत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. वर्षाला वीस हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला मी ते घेतले असते, तिचा टायर वयाआधी झिजून जाईल. आमच्या गाडीचा टायर वयानेच जाणार, मग दोन वर्षं दुकानातच गेलेला टायर घेण्यात अर्थ नाही. आतून ०४२५ चे चार आणले. मापात बदल नाही. रुंद टायर घाला, गाडी भारी दिसेल, असा सल्ला मिळाला. नको म्हटलं. कंपनीने ठरवलेलं माप, भारांक ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, वेगाचं अक्षर टी म्हणजे ताशी १९० पर्यंत, आयएसआयची खूण, हे चार पाहून घेतलं.

जुने उतरवायला लागले तेव्हा मिस्त्री म्हणाला, “ताई, टायर तं चांगलेच दिसून रायले. कायले बदलता?”

मागचा उजवा रिमवरून निघाला आणि आतून रबराचा काळा भुगा सांडला. मूठभर. साईडवॉलच्या आतल्या अंगाला गोल सुरकुतलेला पट्टा उमटला होता, बोट फिरवलं की खरखरीत लागत होता. कमी हवेवर चालून चालून साईडवॉल आतून दळली गेली होती. बाहेरून यातलं काहीच दिसत नव्हतं.

मिस्त्रीने तो टायर उजेडात धरून सगळ्यांना दाखवला. “हा रस्त्यातच गेला असता, ताई. अन् यानंच तुमी नाशिकले जाणार होते.” बाबा तो पट्टा बराच वेळ बघत होते.

रिमच्या कडा गंजलेल्या होत्या. टायर जिथे रिमला चिकटतो तिथे गंज असला की हवा बारीक गळत राहते, म्हणून तारेच्या ब्रशने घासून घेतल्या. चारही व्हॉल्व्ह नवे. टायरबरोबर व्हॉल्व्ह न बदलणं ही सगळ्यात महाग पडणारी बचत. टायरवरचा पिवळा ठिपका हा त्याचा सगळ्यात हलका भाग, तो व्हॉल्व्हसमोर आणून बसवला, म्हणजे बॅलन्सिंगला वजन कमी लागतं. मग बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट. पुढच्या चाकांचा टो, म्हणजे त्यांच्या तोंडांचा आत-बाहेर कल, थोडा बाहेर होता, नीट केला. नट आधी हाताने फिरवून, समोरासमोरचे आळीपाळीने, शेवटी पान्याने. थेट गनने आवळले तर चाक तिरकं बसू शकतं आणि रस्त्यात पंक्चर झालं तर घरच्या पान्याने ते सुटत नाहीत.

जुने चार टायर दुकानातच द्यायचे होते. देण्याआधी त्यांच्या साईडवॉल कापून घेतल्या. दुकानदारांना ते आवडलं नाही, कारण नक्षी शिल्लक असलेल्या टायरला गिऱ्हाईक मिळतं. पण आतून भुगा झालेला टायर कुणाच्या तरी गाडीला पुन्हा लागणं मला मान्य नव्हतं. घरी आणून गच्चीवर ठेवायचेही नव्हते. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

६ एप्रिल

शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासले. दोन किंचित सैल, आवळले. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रवाचा पातळ थर असतो, तो जाईपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वेगात वळणं टाळायची, असं बाबांना सांगितलं आहे. तेही काकांना तेच सांगत होते.

२४ एप्रिल

नाशिकला पोचलो. पाच माणसं, डिकी भरलेली. पहाटे निघायच्या आधी पुढे ३०, मागे ३३.

नांदगाव खंडेश्वरजवळून समृद्धीवर लागलो, सिन्नरला उतरलो. या आठवड्यात विदर्भात पारा ४४-४५ च्या घरात आहे. कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, आम्ही शंभरच्या वर गेलो नाही. सिमेंटचा रस्ता टायर फोडतो असं सगळे म्हणतात. मला वाटतं दोष एकट्या सिमेंटवर टाकून लोक मोकळे होतात. वळणं नाहीत, सिग्नल नाहीत, पाय काढायचं कारण नाही, त्यामुळे टायरला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. कमी हवेचा टायर या वेगाला जमिनीवरून सुटून पूर्ववत व्हायच्या आत पुन्हा जमिनीला लागतो, त्याच्या अंगावर लाट उभी राहते आणि काही मिनिटांत तो भाजून निघतो. गावातल्या गावात वर्षानुवर्षं टिकलेला टायर इथे तासाभरात उघडा पडतो. या महामार्गावर शिरतानाच परिवहन खात्याच्या पथकांनी गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या आहेत. ते योग्यच केलं. पण तारीख आणि आतली बाजू तिथे उभ्या उभ्या कोण बघणार? ते घरी बघून निघायचं काम आहे.

जालन्याच्या पुढे थांबलो तेव्हा मोजलं : पुढे ३५, मागे ३८. बाबांचा हात व्हॉल्व्हकडे गेला, मी थांबवलं. गरम टायरमधली वाढलेली हवा सोडायची नाही. सोडली तर थंड झाल्यावर तो कमी हवेचा टायर होतो आणि पुढच्या टप्प्यात आणखी तापतो. चारही टायरांना हात लावून पाहिला, सारखेच गरम. एखादा वेगळाच तापला असता तर शोधावं लागलं असतं.

२९ जून

मागच्या डाव्यात स्क्रू, नक्षीच्या मधोमध. हवा चार पीएसआयने कमी दिसली म्हणून सापडला. चालवताना कळलंच नव्हतं. पंक्चरवाल्याने बाहेरून दोरी घालून देतो म्हटलं. दोरी वेळ निभावते, पण टायर आतून कसा आहे ते बघितलं जात नाही. टायर उतरवून आतून मशरूम पॅच (दांडा भोकात, टोपी आतून चिकटलेली) लावून घेतला. सहा मिलिमीटरपर्यंतचं, नक्षीच्या पट्ट्यातलं भोक असं बुजवता येतं. कडेजवळ किंवा साईडवॉलला असतं तर टायर बाद.

१७ ऑगस्ट

परतवाड्यावरून चिखलदरा. घाटात धुकं, रस्त्यावर पाण्याचे पाट. नक्षीची खोली का हवी ते इथे पायाखाली कळतं : खाचांतून पाणी निघायला जागा उरली नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं होतं. कायदा १.६ म्हणतो, पण मी पावसाळ्याआधी तीन मिलिमीटरला बदलेन.

बरोबरच्या मामांच्या गाडीचा पुढचा टायर खड्ड्यात आपटला. वर आल्यावर पाहिलं तर साईडवॉलला लिंबाएवढा फुगा. आतल्या दोऱ्या तुटल्या की तिथे हवेला अडवायला नुसतं रबर उरतं. मामा म्हणत होते हळूहळू घरी जाऊ. नको म्हटलं. त्यांची स्टेपनी तिथेच चढवली, तीत हवा होती हे नशीब.

२८ सप्टेंबर (३५,१८० किमी)

स्टेपनी बदलली. २२ तारखेपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेवढे पैसे वाचले. बाकी चार टायरांचीच जात आणि तेच माप घेतलं, तारीख ३०२५. जुनी स्टेपनी एकदाही रस्त्याला लागलेली नव्हती. नक्षी पूर्ण, रबर लाकडासारखं, खाचांच्या तळाशी तडे. तीही कापून दिली.

१२ ऑक्टोबर

चाकांची अदलाबदल. पुढची चाकं ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा जास्त भारही तीच घेतात, त्यामुळे लवकर झिजतात : पुढे ६.९, मागे ७.३. किलोमीटर कमी असले तरी आत्ताच करायचं ठरवलं, कारण नव्या स्टेपनीला यात घ्यायचं आहे. फरक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा आहे तोवरच ती जोडीत बसते. डिकीत पडून आणखी एक टायर वयाने मरू द्यायचा नाही.

पुढची दोन्ही सरळ मागे. मागचं डावं पुढे उजवीकडे. मागचं उजवं स्टेपनीच्या जागी आणि स्टेपनी पुढे डावीकडे. नक्षीला दिशेचा बाण नाही, म्हणून बाजू बदलता आली. बाबांनी जॅक लावला, नट त्यांनीच समोरासमोरचे घेत आवळले. सगळीकडे ३०, स्टेपनीत ३३.

पुढचं काम : शंभर किलोमीटरवर नट. अलाइनमेंट मार्चमध्ये. पुढची अदलाबदल ४०,००० ला किंवा पुढच्या दसऱ्याला, जे आधी येईल ते. अंगणात डाव्या बाजूला हिरवी जाळी बांधायची आहे, बाबांनी माप घेतलं आहे.